गोड्या विहिरीतले पिकू

कापूस चाखून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाकीचे पारखी रुईचा पुंजका घेतात, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढतात, धागा किती लांब निघतो ते बघतात आणि भाव बोलतात. कोकणेबुवाही एवढं सगळं करायचे, पण शेवटी पुंजका जिभेवर ठेवून डोळे मिटायचे. मग थुंकून गाडीवाल्याला सांगायचे, "पाणी मारलंय याला. आणि तेही खारं, पूर्णेकडच्या विहिरीचं." गाडीवाला आधी पोराबाळांच्या शपथा घ्यायचा, मग चिडायचा आणि शेवटी हळूच विचारायचा, "तुमाले कसं समजलं, बुवा?" त्यावर बुवांचं उत्तर ठरलेलं असे. "मला काय विचारता? जिभेला विचारा."

कोकणेबुवा हे त्यांचं नाव नव्हे. वखारीतल्या लोकांनी ठेवलेलं ते टोपणनाव. खरं नाव मला माहीत आहे, पण ते मी इथे लिहिणार नाही. चार लोकांसमोर त्यांच्या बाजूने तोंड उघडायची वेळ आली तेव्हा मी ते उघडलं नाही. आता कागदावर त्यांचं नाव घेऊन मी असा कोणता मोठा तीर मारणार आहे?

ते कापसाच्या भरभराटीचे दिवस होते. दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस अडकला होता आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडे तोंड करून बसल्या होत्या. अमेरिका कोणत्या दिशेला आहे हे अकोल्यात कुणाला धड सांगता आलं नसतं, पण ती लढाई संपू नये म्हणून देवाला नवस बोललेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांत मीही होतो. बाळापूरकडची आमची जमीन थोरल्या भावावर सोपवून, चार अक्षरं लिहिता येत होती तेवढ्या बळावर मी अकोल्याच्या एका वखारीत कारकून झालो होतो. वखार मुंबईच्या एका व्यापाऱ्याची होती. त्यानेच बुवांना पारखी म्हणून आमच्याकडे धाडलं. पन्नाशीचे, काटकुळे, रत्नागिरीच्या बाजूच्या कुठल्याशा खाडीकाठचे गृहस्थ. आमच्याकडच्या उन्हाने ते इतके हैराण व्हायचे की बोलता बोलता पागोट्यासकट डोक्यावर लोटा उपडा करायचे आणि जणू काही झालंच नाही असं पुढचं वाक्य बोलायचे.

मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात एका रंगाऱ्याच्या विधवेचं घर होतं. सगळी गल्ली तिला खाला म्हणे. तिच्या घराच्या दोन खोल्यांत मी, माझी बायको आणि तान्ही मुलगी राहत होतो. बाहेरची ओसरी बुवांना मिळाली. ते आले त्या दिवशी बाकीचं सामान हमालाच्या डोक्यावर होतं, पण एक मडकं त्यांनी स्वतः छातीशी धरलं होतं. त्याच्या तोंडाला मलमल बांधलेली. खालाने अदबीने विचारलं, "इसमें क्या है, बुवा? तीरथ का पानी?"

"खाडीचं पाणी आहे," बुवा म्हणाले, "आणि आत माझी माणसं आहेत."

ती माणसं म्हणजे मासे. बोटाच्या दोन पेरांएवढे, पिवळसर हिरवे, अंगावर चमचमत्या बारीक टिकल्यांच्या ओळी. पण हे सगळं मडक्यात बाजूने थोडंच दिसतं? वरून पाहिलं की मासा पाण्यात विरून जायचा आणि दिसायचा तो फक्त त्याच्या डोक्यावरचा चांदीसारखा पांढरा ठिपका. असे दहाबारा ठिपके पाण्यावर फिरत असायचे. बुवांच्या गावी ह्या माशाला पिकू म्हणत. पिकूला उड्या मारायची खोड, म्हणून मडक्यावर मलमल. "ह्याला खोल पाण्याचं काय काम?" बुवा सांगायचे. "वरच्या चार बोटांत ह्याचं सगळं राज्य. वरून मुंगी पडली की गिळली, किडा हलला की गिळला. भरती आली की खाडीचं खारं पाणी येतं, ओहोटीला वरून ओढ्याचं गोडं येतं. हा आपला काठाकाठाने, झाडांच्या मुळ्यांत. दोन्ही पाणी त्याला सारखीच."

मासे खाणाऱ्या मुलुखातला माणूस मासे पाळतो ह्याची आम्हाला फार गंमत वाटे. बुवा सुकट तर रोज खायचे. तिच्या वासाने आमची ही नाकाला पदर लावून दार ओढून घ्यायची, आणि खाला मात्र वाटी घेऊन ओसरीवर यायची. "मंग हे पिकू काहून खात नाई?" मी एकदा विचारलं. "एवढ्याशा जिवात खायचं काय?" बुवा म्हणाले, "आणि ओळखीच्याला कोणी खातं का?"

माशांच्या जेवणासाठी त्यांचा जीव सदा टांगलेला. मुंग्या, चिलटं, दिव्यावर येणारे पंखवाले किडे, जे हाती लागेल ते कागदाच्या पुडीत बांधून आणायचे. एकदा मुंबईहून खुद्द शेठ वखार बघायला आले. गादीवर बसून भावाच्या मोठ्या मोठ्या गोष्टी चालल्या होत्या. मधेच बुवा उठले, शेठजींच्या मागे गेले आणि त्यांच्या मानेवर बसलेला डास चिमटीत धरला. मारला नाही, तर अलगद पुडीत घातला आणि "माफ करा, हा घरी न्यायचा आहे," असं म्हणून जागेवर येऊन बसले. आमच्या वखारीच्या मुनीमजींचा चेहरा पांढरा पडला होता. शेठ मात्र पोट धरून हसले.

डास पाण्यातून जन्मतो हे मला बुवांनी दाखवलं. मी वाद घातला होता की डास घाणीतून, काळोखातून येतो. त्यांनी वाटीत विहिरीचं पाणी घेतलं, त्यात वळवळणारे चार किडे सोडले आणि वर मलमल बांधून वाटी माझ्याच उंबऱ्यावर ठेवली. पाचसहा दिवसांनी मलमलीच्या आत चार डास गुणगुणत होते. तेवढे चारही त्यांनी पिकूंना घातले. मी खजील झालो, तरी हसून वेळ मारून नेली. हसून वेळ मारून न्यायची मला तेव्हापासूनच सवय होती.

पिकूची मादी रोज थोडी थोडी अंडी घालते, कधी तीन, कधी पाच. प्रत्येक अंड्याला चिकट दोरा असतो आणि त्याने ते पाण्यातल्या मुळीला लटकून राहतं. पंधरवड्याने पिल्लू बाहेर येतं. बुवा रोज सकाळी मडक्यातल्या मुळ्या बोटांनी चाचपायचे आणि अंडी असलेली मुळी दुसऱ्या मडक्यात हलवायचे, कारण पिकूचा बाप आपलीच पिल्लं गिळतो. "लय नालायक बाप," मी म्हणालो. बुवांना ते लागलं. मला त्यांनी वऱ्हाडकर हेच नाव ठेवलं होतं. "त्याला दोष देऊ नका, वऱ्हाडकर. तोंडासमोर हललं की गिळायचं, एवढंच त्याला कळतं. कळत असून गिळलं असतं तर नालायक."

हे वाक्य मला आता झोपू देत नाही, पण तेव्हा मी त्यावरही हसलो.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना आमचा खारपाण पट्टा आहे. जमीन काळीभोर, कापूस झक्कास, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. कापूस बघायला बुवा पहिल्यांदा त्या बाजूला गेले, एका विहिरीचं पाणी प्यायले आणि तिथेच मटकन खाली बसले. समुद्र शंभर कोसांवर, आणि पाण्याला थेट गावच्या खाडीची चव! त्या दिवसापासून त्यांच्या मनाने एकच घेतलं. वऱ्हाडातल्या विहिरीत पिकू नांदेल का? मडक्यात मासे जगत होते, अंडीही होत होती, पण पिल्लं चार दिवसांच्या वर टिकत नव्हती. दर वेळी बुवा मेलेली पिल्लं आमच्या हिच्या तुळशीच्या बुडाशी पुरायचे आणि दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. त्यांना ना बायको राहिली होती ना मूल. "मडकं म्हणजे काय मुलूख आहे?" ते म्हणायचे. "एकदा विहिरीत पिल्लं मोठी झालेली कळू दे. एवढं कळलं की मी डोळे मिटायला मोकळा." एवढ्या कापसाच्या धामधुमीत एका माणसाला जगाकडून एवढीच एक बातमी हवी होती.

आता विहिरीबद्दल सांगतो. आमच्या गल्लीच्या विहिरीला गोडी विहीर म्हणत. आजूबाजूला मचूळ पाणी असताना हिला गोडं पाणी, त्यामुळे गल्ली तिला देवासारखी जपायची. आतल्या चिऱ्यांतून पिंपळाच्या मुळ्या पाण्यात लोंबायच्या, पण पिंपळ कोण तोडणार? पाणी साफ राहावं म्हणून आत एक कासव होतं. विहिरीत काहीही सोडायचं ते सगळ्या गल्लीला विचारून, असा रिवाज होता. कासव सोडलं तेव्हाही सगळ्या घरांची परवानगी घेऊन, नारळ फोडून, हळदकुंकू वाहून सोडलं होतं. ह्या सगळ्याची सूत्रं देशमुखबाबांकडे. गल्लीतले सगळ्यांत थोरले, आवाज खणखणीत, राग नाकाच्या शेंड्यावर.

आमच्या मुलीला तेव्हा चौथा महिना होता. विहिरीवरचे डास तिला फोडून काढायचे. तोंड सुजून डोळे दिसेनासे झाले. बायको एक दिवस रडकुंडीला येऊन म्हणाली, "त्या बुवाले म्हना ना, ते मासे इहिरीत सोडा म्हनाव. लेकराचं तोंड पाहवत नाई मले."

मी बुवांना सांगितलं. त्यांचे डोळे लकाकले, पण लगेच म्हणाले, "गल्लीला विचारलंत?"

"इचारतो नं," मी म्हणालो आणि निघालो. देशमुखबाबांच्या दाराशी गेलो तर ते बैलाच्या खुरावरून गड्याला शिव्या हासडत होते. त्यांनी माझ्याकडे पाहून "काय हाये?" म्हटलं. "काई नाई, सहज आलो व्हतो," असं म्हणून मी परत फिरलो. परत येईपर्यंत माझं उत्तर तयार झालं होतं.

"इचारलं. सोडा म्हनाले."

"सगळ्यांना विचारलंत?"

"सगळ्याइले."

बुवा आत गेले आणि नारळ घेऊन आले. रिवाज त्यांनाही ठाऊक होता. नारळ फुटला असता तर आवाजाने चार माणसं आली असती. मी म्हणालो, "ते कासवाच्या वक्ती झालं, बुवा. आता काय गरज हाये?" त्यांनी नारळ पुन्हा आत ठेवला. माझ्या शब्दावर त्यांचा असा विश्वास होता.

सकाळी उजाडता उजाडता आम्ही दोघांनी पिकू सोडले. बुवांनी मडकं दोराने खाली सोडलं आणि हलकेच कलतं केलं. ठिपके काठाकाठाने पांगले आणि मुळ्यांशी जाऊन स्थिर झाले. बुवांनी विहिरीच्या चिऱ्याला हात लावून नमस्कार केला. महिन्याभरात डास निम्म्याने कमी झाले, मुलीचं तोंड निवळलं. बायकोने बुवांना पुरणपोळी नेऊन दिली. त्या दिवसांत मी स्वतःवर फार खूश होतो.

चैत्र लागला आणि नदी आटली. बाजारात गाड्यांची रीघ, गाडीवाले तहानलेले, बैल तहानलेले. वखारीला पाणी पुरवायचं काम माझ्याकडे होतं. जवळ पडते म्हणून मी पखालीवाल्याला आमचीच गोडी विहीर दाखवली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्या बैलांवर कातडी पखाली भरून जायला लागल्या. हे मी गल्लीतल्या कुणाला विचारलं होतं का? तेही नाही. पखालीवाला येतो आणि भरतो, कोणासाठी ते कोण विचारणार?

एका सकाळी बुवांनी ओंजळ तोंडाला लावली आणि डोळे मिटले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाणी फिरतंय, वऱ्हाडकर. वरचं गोडं पाणी तुम्ही उपसून नेलंत, आता खालून खारं वर सरकतंय. पखाली दुसरीकडे वळवा."

"बुवा, बैलं जीभ काढून उभे हायेत. आज नाई, उद्या पाहू."

तो उद्या मी उगवूच दिला नाही. आठ दिवसांनी देशमुखबाबांच्या घरी तुरीची डाळ शिजेना. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे आमच्याकडच्या बाईला सांगावं लागत नाही. दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी तेच. गोडी विहीर खारी झाली! गल्ली विहिरीवर जमली. पाणी खाली गेलं होतं, आणि वरून वाकून बघताना कुणाला तरी ते पांढरे ठिपके दिसले.

"हे काय व्हय?"

"कोकन्या बुवाचे मासे. समुद्रातले."

झालं! एकाने म्हटलं आणि सगळ्यांना पटलं. समुद्राचा मासा म्हणजे त्याच्या अंगात मीठ असणारच, आणि ते मीठ सुटलं म्हणून विहीर बाटली. मला खरं कारण माहीत होतं. बुवांनी आठ दिवसांपूर्वी ते माझ्या पदरात घातलं होतं. मी गर्दीत मागे उभा राहिलो.

बुवांना बोलावलं. देशमुखबाबा विहिरीच्या कठड्याशी काठी टेकून उभे होते.

"बुवा, हे तुमी सोडले?"

"हो," बुवा शांतपणे म्हणाले. "विचारून सोडले."

"कोनाले इचारलं? मले तं कोनी इचारलं नाई."

बुवा वळले आणि गर्दीत मला शोधलं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. साक्षीदार हजर आहे, आता दोन शब्दांत मिटेल, एवढाच भाव होता. "ह्यांनी विचारलं ना तुम्हा सगळ्यांना. सांगा हो, वऱ्हाडकर."

सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. दारात बायको मुलीला कडेवर घेऊन उभी होती. मी खरं बोललो असतो तर एवढ्यावर थांबलं नसतं. खोटं बोललो हे कळलं असतं, मग पखाली कोणाच्या तेही निघालं असतं, मग गल्लीने मला उचलून त्याच विहिरीत टाकलं असतं. निदान तेव्हा मला तसं वाटलं. आता वाटतं, चार शिव्या बसल्या असत्या, फार तर घर सोडावं लागलं असतं. बस्स.

"मले काई मालूम नाई," मी म्हणालो.

 बुवांना आधी ऐकू न आल्यासारखं झालं. मग त्यांनी दारातल्या माझ्या मुलीकडे एकदा पाहिलं आणि देशमुखबाबांकडे वळून म्हणाले, "माझीच चूक झाली. मी विचारलं नाही." मग पुढे म्हणाले, "पण मासा पाण्यात मीठ सोडत नाही हो. पाणी खारं झालं ते पखा..." तिथे त्यांनी शब्द गिळला. माझ्यासाठी गिळला, ते मला कळलं आणि तरी मी गप्प राहिलो.

गल्लीत तोंड उघडलं ते एकट्या खालाने. "अरे, इत्ती-सी मछली पूरे कुएँ में नमक घोलेगी? अक्ल घास चरने गई क्या तुम्हारी?" पण बाईमाणसाचं, त्यातून खालाचं, कोण ऐकणार?

दोन मोटा लावून विहीर उपसली. कासवाला हळूच वर काढलं, त्याला घंगाळात ठेवलं, त्याच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं. पिकू चिखलाबरोबर उकिरड्यावर फेकले. ते उन्हात उड्या मारत होते. पोरांनी ओसरीवरची मडकीही फोडली होती, त्यामुळे बुवांकडे पाणी धरायला काहीच नव्हतं. त्यांनी पागोटं सोडलं, खालाच्या घड्यात भिजवलं आणि उकिरड्यावर गुडघे टेकून, जे हलत होते ते एकेक उचलून त्या ओल्या कापडावर ठेवायला लागले. मी त्यांचं बोडकं डोकं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मागून विरळ पांढरे केस, मधे टक्कल. मी जाऊन एक मासासुद्धा उचलला नाही. दिवस मावळेपर्यंत कापडावरचेही सगळे मेले.

गल्लीशी तंटा नको म्हणून मुनीमजींनी बुवांना अमरावतीच्या वखारीत पाठवायचं ठरवलं. निघताना ते माझ्या दारात आले. मला वाटलं आता बोलतील, आणि मनातून मला तेच हवं होतं. ते एवढंच म्हणाले, "पिंपळाच्या मुळ्यांना हात लावू देऊ नका. अंडी असतील. ओलीत राहिली तर टिकतात काही दिवस." आणि गाडीत बसले.

उपसलेली विहीर देशमुखबाबांनी शुद्ध करून घेतली आणि बाहेरच्यांना पाणी बंद केलं. पखालीवालाही आपसूक बंद झाला. मग काय, झरे भरले, पाणी मुळ्यांपर्यंत चढलं आणि महिन्याभरात गोडं झालं. डाळ शिजली. "पाह्यलं?" देशमुखबाबा गल्लीभर सांगत फिरले, "मासे काढले अन् पानी गोड झालं!" मी मान डोलावली. वखारीत बुवांच्या गादीवर मला बसवलं. मी एकदा कापूस जिभेवर ठेवून पाहिला. मला कापसाची चव लागली, दुसरं काही नाही.

आषाढातल्या एका सकाळी मी पोहरा ओढला आणि त्यात तीन पांढरे ठिपके फिरत होते.

मी वाकून विहिरीत पाहिलं. मुळ्यांशी आणखी होते, खूप होते. त्या दिवशी पाणी गोडंच होतं, मी ओंजळीने पिऊन पाहिलं. म्हणजे गल्लीचा न्याय तिथल्या तिथे खोटा ठरत होता, आणि बुवांना हवी होती ती बातमी माझ्या पोहऱ्यात पोहत होती. एवढ्यात देशमुखबाबांच्या काठीचा आवाज आला. मी पोहरा कठड्याबाहेरच्या चरीत ओतला आणि वर पायाने माती लोटली. "काय सांडलं?" त्यांनी विचारलं. "काई नाई, कचरा व्हता," मी म्हणालो. कळत असून गिळणारा बाप कसा असतो, ते तेव्हा मला कळलं.

दोन वर्षांनी अमरावतीला जायचा योग आला. अमेरिकेतली लढाई संपली होती, भाव कोसळला होता, बाजारातल्या माणसांचे आवाजही खाली आले होते. मुनीमजी आणि दोन व्यापारी माझ्याबरोबर होते. एका निंबाखाली बुवा बसलेले दिसले. वाळून काटकी झाले होते, पागोटं जुनंच. मला पाहून चटकन उठले. मी नजर चुकवणार होतो, पण त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला.

"मुलगी कशी आहे? चालायला लागली असेल."

"पळून राह्यली आता."

"वा!" ते खरोखर आनंदले. मग आवाज खाली आणून, लहान मुलाने खाऊ मागावा तसं म्हणाले, "वऱ्हाडकर, एक विचारू? त्या मुळ्यांना अंडी होती हो. पिल्लं झाली का?"

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. गल्लीला दाखवलीत का? मग काय म्हणाली गल्ली? मुनीमजी बाजूला उभे राहून ऐकत होते, आणि वखारीच्या पखाली गोड्या विहिरीतून भरल्या होत्या हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"नाई, बुवा," मी म्हणालो. "काईच झालं नाई."

"असं," ते म्हणाले. हात सोडला. समोर थांबलेल्या कापसाच्या गाडीकडे वळले. "मग इथलं पाणी नाहीच मानवलं त्यांना. बरं झालं कळलं." खाली बसून त्यांनी रुईचा पुंजका उचलला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. गाडीवाला ताटकळला, पण त्यांनी डोळे उघडले नाहीत. मी तेवढ्यात तिथून निघून आलो. पुढच्याच हिवाळ्यात बुवा वारले असं मुनीमजींकडून कळलं.

आता मी म्हातारा झालो. देशमुखबाबा गेले, खाला गेली. गोडी विहीर आहे आणि तिच्यात पिकू आहेत, पिढ्यानुपिढ्या. ते कुठून आले हे गल्ली कधीच विसरली. उलट आता लोक पाहुण्यांना ठिपके दाखवून सांगतात की हा मासा असला म्हणजे पाणी गोड समजावं. परवा माझी मुलगी माहेरपणाला आली होती, तीच, जिच्यासाठी ते सोडले होते. तिच्या कडेवर तिचं तान्हं होतं आणि त्याच्या अंगावर डासाचा एक फोड नव्हता. विहिरीत वाकून बघत ती म्हणाली, "बाबा, किती चांगलं काम केलं ज्यानं केलं त्यानं. कोनं सोडले असतीन जी हे मासे?"

मी तिच्याकडे बघितलं. आजूबाजूला कोणी नव्हतं, घाबरण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि नाव माझ्या ओठांवर आलं होतं.

"मले काई मालूम नाई," मी म्हणालो.